अर्धं धुतलेलं तोंड

"डाग कशाचा ते सांगा, कसा पडला ते सांगू नका."

हे वाक्य डागमावशीच्या जिभेवर इतकं बसलं होतं की कोणी नुसता शर्ट पुढे केला तरी ते बाहेर पडायचं. चहाचा असेल तर चहाचा म्हणा. रक्ताचा असेल तर रक्ताचा म्हणा, म्हणजे त्याला गरम पाणी दाखवायचं नाही. पण कोण कोणाला काय बोललं आणि मग कप कसा उडाला, यात तिला गोडी नव्हती.

वाक्य मूळचं तिचं नव्हे, लाँड्रीतल्या उस्तादाचं. नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एक जुनी लाँड्री होती आणि तिच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली. खिडकी उत्तरेला, खिडकीखाली दगडी फळीचं टेबल. टेबलावर बारा बाटल्या, दोन ब्रश, वाफेची नळी, डाग खरवडायची हाडाची बोथट पट्टी आणि दांडीवर बसवलेलं एक भिंग. ती डागांची खोली. एकोणिसाव्या वर्षी मावशी त्या खोलीत शिरली आणि बावीस वर्षांनी बाहेर आली. मधल्या काळात गावातल्या निम्म्या घरांचं काय काय तिच्या भिंगाखालून गेलं, त्याला गणती नाही, आणि त्यातला एक शब्द कधी त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर पडला नाही.

एकदा एक बाई नवऱ्याचा कोट घेऊन थेट मागच्या खोलीत आली. कॉलरवर लाल रेघ होती.

"ही लिपस्टिकच ना?" तिने विचारलं.

"तेलकट लाल आहे," उस्ताद म्हणाला. "निघेल."

"पण लिपस्टिकच ना?"

"तेलकट लाल. गुरुवारी या."

बाई गेल्यावर उस्तादाने कोट उलटा केला आणि मावशीकडे न बघता म्हणाला, "आपलं काम कॉलरपर्यंत. गळ्याचं ज्याचं त्याने बघावं."

मावशीने ते मनावर कोरून ठेवलं. गिऱ्हाइकाचा डाग पोटात ठेवायचा आणि कपडा असा द्यायचा की तिथे कधी काही नव्हतंच. यातच त्या कामाची इभ्रत आहे असं ती मानायची, आणि मानायची म्हणजे अगदी ताठ मानेने मानायची.

पुढे उस्ताद वारला. लाँड्रीत मोठी यंत्रं आली, मग लाँड्रीच विकली गेली. मावशी हाडाची पट्टी आणि भिंग पिशवीत घालून घरी आली. बहिणीच्या मुलाने तेव्हा नुकतंच कुत्री धुण्याचं दुकान काढलं होतं. पंचविशीचा, गोड बोलणारा, गिऱ्हाईक दारातून आत आलं की आधी कुत्र्याला नमस्कार करणारा माणूस. तो म्हणाला, "मावशी, घरात बसून काय करशील? माझे टॉवेल तरी बघ."

टॉवेल बघायला गेलेली मावशी तिसऱ्या दिवशी एका पांढऱ्या कुत्रीपाशी थबकली. लोकरीच्या गुंड्यासारखी कुत्री, आणि दोन्ही डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांपासून नाकापर्यंत तांबूस रेघा. गंजलेल्या खिळ्यावरून पाणी ओघळावं तशा.

"हा डाग कशाचा?" तिने विचारलं.

"रडण्याचा," भाचा म्हणाला.

"कुत्रं रडतं?"

"रडत नाही गं. डोळ्यांतून पाणी गळतं, ते केसांत वाळतं आणि तांबूस होतं. पांढऱ्यांचं दिसतं एवढंच. काळ्यांचंही गळतं, पण त्यांच्याकडे बघतो कोण?"

मावशीने दुसऱ्या दिवशी भिंग आणलं.

पहिल्या आठवड्यातच तिला कळलं की बारा बाटल्यांतली एकही इथे चालायची नाही. डोळ्यापासून बोटभर अंतरावर औषध न्यायचं नाही, हे तिने स्वतःशीच ठरवून टाकलं. दुसरं तिला असं कळलं की मुरलेला डाग धुऊन जातच नाही. केस आतपर्यंत रंगलेला असतो. तो वाढू द्यायचा आणि कापायचा. आपल्या हातात आहे ते एवढंच, की नवा केस रंगू द्यायचा नाही. म्हणून उकळून कोमट केलेलं पाणी, आणि प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस. आधी चिपडं भिजवून मऊ करायची, मग बारीक दातांच्या फणीने हलकेच ओढायची, पुसायचं ते नाकाच्या बाजूने खाली, डोळ्याकडे कधीच नाही. मग कोरडं करायचं. इतकं कोरडं, की बोट फिरवलं तर पिठावरून फिरल्यासारखं वाटलं पाहिजे. शेवटी बोथट टोकांच्या कात्रीने रंगलेली टोकं उडवायची. सहा आठवड्यांत तोंड कागदासारखं पांढरं.

लोक लांबून यायला लागले. आंघोळ घरी घालायचे आणि तोंडापुरते मावशीकडे आणायचे. भाच्याची जीभ सैल होतीच. "इतर ठिकाणी डोळ्यांत तेल घालून काम करतात," तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमची मावशी डोळ्यांतलं पाणी काढून करते."

"आणि हा नुसता तोंडाने करतो," मावशी म्हणायची. हात चालूच असायचा.

हेडबाई आल्या त्या या बोलबाल्यामुळेच. तीस वर्षं मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी सगळी गल्ली त्यांना हेडबाईच म्हणायची, ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं तेही. चौथ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. सोबतीला एक पांढरा कुत्रा, नाव खडू. रंगावरून ठेवलंय असं त्या सांगायच्या. गल्लीचं म्हणणं वेगळं होतं. गल्ली म्हणायची, बाईंना हातात खडू लागतोच.

खडूला एकच डोळा होता. म्हणजे होते दोन, पण डावा लहानपणी मांजरीच्या नखाने गेलेला. निळसर काचेच्या गोटीसारखा नुसता जागेवर बसलेला. सगळी भिस्त उजव्यावर. त्या एका डोळ्यावर तो चार मजले चढायचा, उतरायचा, बाईंच्या पुढे पुढे चालायचा आणि वळणावर थांबून त्या येतात का बघायचा.

दर दुसऱ्या मंगळवारी अकरा वाजता हेडबाई त्याला सोडायच्या आणि एक वाजता न्यायला यायच्या. घ्यायच्या आधी हनुवटी वर करून दोन्ही बाजू तपासायच्या. वही तपासावी तशा.

"डावीकडे छान आहे. उजवीकडे अजून थोडं राहिलंय."

"पुढच्या वेळी निघेल," मावशी म्हणायची.

आणि इथेच पाणी मुरत होतं. डावी बाजू सहा आठवड्यांत पांढरी झाली. आंधळ्या डोळ्याची बाजू, जिच्याकडे सगळे बघायचे, ती शहाण्यासारखी वागली. उजवी काही ऐकेना. आज लख्ख केली की बाईंच्या सांगण्याप्रमाणे चार दिवसांत पुन्हा ओली. मावशीने केस आणखी आखूड केले. पुसणं दोनदाचं तीनदा केलं. मग कापसाचा रंग बदलला. डावीकडचा बोळा तपकिरी निघायचा, उजवीकडचा पिवळसर व्हायला लागला. मावशी तो बोळा मुठीत दाबून डब्यात टाकायची. लाँड्रीत असे शंभर बोळे तिने टाकले होते. डाग कशाचा हे तिला कळत होतं. कसा पडला, हे विचारायचं नव्हतं.

शिवाय भाच्याने बजावलं होतं. मागच्या वर्षी दुकानातल्या एका कामगाराने एका गिऱ्हाइकाला सांगितलं की तुमचा कुत्रा फार फुगलाय, तर त्या बाईंच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की कुत्रा आणि बाई पुन्हा दिसल्या नाहीत. "आपण डॉक्टर नाही," भाचा म्हणाला होता. "आपण धुतो. धुवायचं आणि हसायचं."

खडूच्या वर्षाच्या तपासणीचा दिवस आला. हेडबाई सकाळी नऊलाच दुकानात हजर.

"डॉक्टरांकडे जायचंय," त्या म्हणाल्या. "याला जरा माणसात आणा."

मावशीने त्याला माणसात आणलं. उजव्या बाजूला अर्धा तास घालवला. शेवटी अशी कळा आली की दोन्ही गाल सारखे, कुठला कुठला ते ओळखू येऊ नये. डॉक्टरांनी वजन केलं, दात बघितले, सुई टोचली, आणि बिघडलेला म्हणून डावा डोळा विजेरीने पाहिला. दुपारी हेडबाई मुद्दाम दुकानावरून गेल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाले, इतकं स्वच्छ तोंड क्वचित बघायला मिळतं. तुमचं कौतुक आहे हे."

आयुष्यात कौतुक काही मावशीला फार वेळा मिळालं नव्हतं. ते तिने घेतलं. पण घशाखाली उतरेना.

त्यानंतरच्या दुसऱ्या मंगळवारी खडू टेबलावर उभा राहिला तो उजवा डोळा अर्धा मिटून. मावशीने कापूस नेला तसा त्याने मान काढून घेतली आणि तिच्या एप्रनवर डोळा घासला. एकदा घासला, पुन्हा घासला. मावशीने कापूस खाली ठेवला आणि भिंग ओढलं.

खालच्या पापणीच्या काठावर एक केस होता. सगळे केस बाहेर वळलेले आणि हा एकटा आत. इतका बारीक की उजेड सरकला की नाहीसा व्हायचा. आणि त्याचं टोक जिथे टेकत होतं तिथे डोळ्याची चकाकी गेलेली, आरशावर कोणी श्वास सोडावा तशी. डॉक्टरकी मावशीला येत नव्हती. पण बावीस वर्षं तिने हेच बघितलं होतं, की एकच धागा एकाच जागी घासत राहिला की कापड विरतं, आणि विरलेलं कापड पुन्हा नवं होत नाही.

तिने डावी बाजू धुतली. नेहमीसारखी भिजवली, विंचरली, कोरडी केली, टोकं कापली. मग हात पुसले. उजव्या बाजूला बोट लावलं नाही. ओघळ, चिपडं, पिवळं, तांबडं, सगळं जिथल्या तिथे राहू दिलं. एप्रन काढून खुंटीला लावला आणि खडूला मांडीवर घेऊन दाराशी बसली. एक वाजायला अजून अवकाश होता.

हेडबाई आल्या. हनुवटी वर केली. डावी बाजू बघितली, उजवी बघितली.

"हे काय?"

"अर्धं धुतलंय."

"ते दिसतंय मला. अर्धं का?"

"उजवीकडचं असंच डॉक्टरांना दाखवा. आज."

"पंधरा दिवसांपूर्वीच दाखवलाय. उत्तम आहे म्हणाले."

"ते मी धुतलेलं तोंड बघून म्हणाले."

भाच्याच्या कानावर हे गेलं तसा तो धावत पुढे आला. "बाई, मावशीला आज जरा बरं नाही. दोन मिनिटं द्या, मी करतो." त्याने कापसाच्या बरणीकडे हात नेला. मावशीने बरणीवर पंजा ठेवला.

"हात लावू नकोस."

भाचा आठ वर्षांचा असताना उकळत्या पातेल्याकडे गेला होता, तेव्हा त्याने हा आवाज ऐकला होता. तो मागे सरला.

"डोळ्यात केस घासतोय," मावशी हेडबाईंना म्हणाली. "मी भिंगातून बघितलाय. पाणी त्यानेच येतंय."

"कधीपासून?"

"तीन महिने झाले, ही बाजू ऐकत नाही. केस आज दिसला."

"तीन महिने. आणि तुम्ही मला आज सांगताय."

"हो."

"का?"

मावशीच्या ओठांवर ते वाक्य आलं. तिने ते गिळलं. "सवय," ती म्हणाली.

"माझ्या मुली गृहपाठ केला नाही की पोट दुखत होतं म्हणायच्या," हेडबाई म्हणाल्या. "त्यांचं पोट परवडलं." त्यांनी खडूला उचललं, त्याच्या उजव्या डोळ्याकडे बघितलं, आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चला. तुम्हीही चला. मला जे सांगितलंत ते त्यांना तुमच्या तोंडाने सांगा. मी तुमचे निरोप नेणार नाही."

दोघी निघाल्या. पुढे हेडबाई, मागे मावशी. गल्लीने खडूला असा कधी पाहिला नव्हता. पाववाल्याने काउंटरवरून विचारलं, "बाई, पडला का कुठे?"

"नाही," हेडबाई म्हणाल्या. "धुवायचा राहिलाय."

डॉक्टर तरुण होते आणि बोलायला घाईचे. पण मावशी बोलायला लागल्यावर त्यांनी पेन उचललं. कोणत्या महिन्यात डावी बाजू निवळली, कोणत्या मंगळवारी कापूस पिवळा आला, कधी पातळ होता, कधी चिकट, हे तिने ओळीने सांगितलं. एकही अंदाज नाही. तिच्याकडे सगळं होतं. तीन महिने होतंच.

मग त्यांनी खडूच्या डोळ्यात रंगाचा थेंब टाकला, धुतला, खोलीत अंधार केला आणि निळा दिवा धरला. सगळा डोळा स्वच्छ राहिला. एकाच जागी, केसाच्या टोकापाशी, हिरवा ठिपका चमकला.

"चांगल्या जागी रंग धरत नाही," डॉक्टर म्हणाले. "जखम असेल तिथेच धरतो."

मावशी त्या ठिपक्याकडे बघत राहिली. डाग पाडून बघतात, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"आणखी आठवडा गेला असता तर भोक पडलं असतं," डॉक्टर म्हणाले. "आता वाचायची आशा आहे. पण हे आधी का नाही सांगितलंत?"

प्रश्न कोणाला होता ते कळलं नाही. हेडबाई भिंतीकडे बघत होत्या. मावशी म्हणाली, "चुकलं," आणि डॉक्टरांनी तेही लिहून घेतल्यासारखं पेन हलवलं.

केस मुळापासून काढला. डोळा वाचला. खसखशीएवढा पांढुरका ठिपका मात्र बुबुळावर राहिला. तो जायचा नाही. त्याच्या आजूबाजूने खडूला दिसतं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

पुढचे मंगळवार आले आणि गेले. हेडबाई आल्या नाहीत. भाचा चार दिवस फुगून बसला आणि पाचव्या दिवशी बोलला, कारण त्याला न बोलता राहवत नसे. "गेलं ना गिऱ्हाईक."

"जाऊ दे. आणि ऐक. यापुढे कोणी म्हणालं डॉक्टरकडे जायचंय, तर तोंड धुवायचं नाही. आधी डॉक्टर, मग आपण."

"मावशी, आपण धुणारे की न धुणारे?"

"दोन्ही."

आता ती प्रत्येकाला विचारू लागली. कधीपासून गळतंय? एका बाजूने की दोन्ही? डोळा मिटतो का? काही जण सांगायचे, काही जण कपाळाला आठ्या घालायचे. एकाने तर तोंडावर ऐकवलं, "धुवायला आणलाय, चौकशीला नाही." मावशीने त्याचा कुत्रा तपासला, धुतला आणि कापूस त्याच्या हातात ठेवला. "घरी नेऊन उजेडात बघा," म्हणाली.

पाचवा मंगळवारही कोरडा गेला तेव्हा दुपारच्या सुट्टीत ती स्वतःच चार मजले चढून गेली. दार हेडबाईंनी उघडलं. या म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही.

"पायपुसण्याला पाय पुसा," एवढंच म्हणाल्या.

खडू खिडकीशी बसला होता. गळ्याभोवती पारदर्शक घेर, उजव्या पापणीखाली केस भादरलेले, त्यामुळे चेहरा एका बाजूने लहान दिसत होता. मावशीचा वास आल्यावर त्याने घेर दोनदा भिंतीवर आपटला आणि जवळ आला.

"तुमच्या हातात याला पुन्हा द्यायचा नाही, असं मी ठरवलंय," हेडबाई म्हणाल्या.

"बरोबर आहे."

"राग नाही आला?"

"आला."

 हेडबाईंनी टेबलावरची वर्तमानपत्रं बाजूला केली आणि तिथे स्वच्छ टॉवेल अंथरला. "मी स्वतः करणार आहे. रोज. मला दाखवा कसं करायचं."

मावशीने पाणी उकळायला लावलं. ते कोमट होऊ दिलं. मग तिने एकदा डावी बाजू करून दाखवली आणि दुसरा बोळा हेडबाईंच्या हातात दिला. हेडबाईंनी तीस वर्षांच्या सवयीने एकच सपकारा मारला.

"फळा पुसताय का?" मावशी म्हणाली. "हळू. आधी भिजू द्या. नाकाकडे, खाली. डोळ्याकडे नाही."

"असं?"

"मनगट सैल सोडा."

"सैलच आहे."

"नाही."

तीस वर्षांत हेडबाईंना कोणी असं तोंडावर 'नाही' म्हटलं नव्हतं. त्यांनी मनगट सैल सोडलं. तिसऱ्या बोळ्याला हात जमला. खडू डोळा मिटून उभा राहिला, मान काढून न घेता. हेडबाईंनी बोळा उजेडात धरला, उलटा केला.

"पिवळं नाही."

"उद्याही बघा."

"वहीत लिहीन. तारखेसकट."

"डावं-उजवं वेगळं लिहा."

"ते मला कळतं," हेडबाई म्हणाल्या.

आणखी काही सांगण्यासारखं नव्हतं. मावशीने ओले बोळे गोळा केले, कचऱ्यात टाकले, टॉवेल झटकून घडी केला आणि निघाली. चपला घालताना तिने मागे बघितलं नाही. जिन्यात तिची पावलं सावकाश उतरत गेली, एकेका मजल्यावर थोडी थांबत.

हेडबाई खडूला घेऊन खिडकीशी आल्या. तो नेहमीसारखा त्यांच्या डाव्या हातावर होता आणि त्याची आंधळी बाजू रस्त्याकडे होती. खाली मावशी फाटकातून बाहेर पडली, एक सायकल जाऊ दिली, रस्ता ओलांडला. हेडबाईंनी खडूला उजव्या हातावर घेतलं, घेराची कड खिडकीच्या गजांना लागू नये म्हणून थोडं मागे धरलं, आणि मावशी पाववाल्याच्या कोपऱ्यावरून वळेपर्यंत दोघंही बघत राहिली.